अजून दीडशे सामने बाकी आहेत

शुक्रवार, 4 एप्रिल 2025, पिट्सबर्ग

ॲलेगेनी नदीवर एकसारखे दिसणारे तीन पिवळे पूल आहेत. त्यातला रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा पूल सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद असतो. शहराच्या मध्यवस्तीतून पायी निघायचं, नदी ओलांडायची आणि समोर पीएनसी पार्कचं दार. दादा (माझा आतेभाऊ) वीस वर्षांहून जास्त काळ या शहरात राहतोय आणि मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याला तो याच वाटेने जातो. गाडी पार्क केल्यावर वहिनीने दिलेली थालीपीठं तिथेच उभ्याने खाल्ली, भाचीने टोपी नीट केली आणि आम्ही काळ्या-सोनेरी गर्दीत शिरलो.

पुलावर चालताना कानावर पडत होतं ते सगळं बेसबॉलबद्दलच होतं, आणि त्यात तक्रारच जास्त होती. पिट्सबर्ग पायरेट्सचा मोसम 27 मार्चला मायामीत सुरू झाला होता. पहिल्याच दिवशी त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू, पिचर (चेंडू फेकणारा) पॉल स्कीन्स, संघाला पुढे ठेवून मैदानाबाहेर गेला आणि नंतर आलेल्या पिचरांनी ती आघाडी घालवली. निकाल 5-4, तोही शेवटच्या डावात शेवटच्या फटक्यावर. तिथून पुढे मायामी आणि टॅम्पात बरंच हरून संघ घरी परतला होता. माझ्यापुढे चालणारा एक माणूस मित्राला सांगत होता, "मी यंदा काही अपेक्षाच ठेवलेली नाही." त्याच्या अंगावर मात्र मॅककचनच्या नावाचा नवाकोरा जर्सी-शर्ट होता.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, आठवड्यातले जवळजवळ सगळे दिवस. त्यामुळे एप्रिलमधल्या आठ-दहा सामन्यांवरून काही ठरवू नये, असं जाणकार सांगतात. चाहत्यांना हे पाठ असतं आणि तरी एकालाही ते पाळता येत नाही. सहा महिने थंडीत वाट पाहिल्यावर पहिल्या आठवड्यातला प्रत्येक चेंडू मोठाच दिसणार.

पीएनसी पार्क 2001 मध्ये उघडलं. सुमारे 38 हजार जागांचं, म्हणजे अमेरिकेतल्या मैदानांच्या मानाने लहान. तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे धाव काढताना गाठायचे टप्पे) बाजूला बसलं की नदी, पिवळा पूल आणि पलीकडे शहराच्या उंच इमारती एका नजरेत येतात. इतकं देखणं मैदान मी अजून पाहिलेलं नाही, आणि इथले लोक नेमकं हेच रागाने सांगतात: मैदान असं, मग संघ असा का?

खेळाडूंची नावं पुकारायला सुरुवात झाली. अँड्र्यू मॅककचनचं नाव आलं तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. 2013 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि त्याच वर्षी या शहराला तब्बल 20 पराभूत मोसमांनंतर पहिल्यांदा मोसमोत्तर, म्हणजे विजेतेपदासाठीचे, सामने दिसले. 1993 ते 2012, सलग वीस वर्षं, जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले जास्त! दादा इथे आला तो याच काळात. 2018 मध्ये संघाने मॅककचनला दुसरीकडे देऊन टाकलं. 2023 मध्ये तो परत आला. आता 38 वर्षांचा आहे. लोक टाळ्या वाजवत होते त्या या सगळ्यासाठी होत्या.

न्यूयॉर्क यँकीजने धावा काढायला सुरुवात केली आणि मग ती घोषणा आली. आधी वरच्या मजल्यावरून, मग आमच्या आजूबाजूने: "सेल द टीम! सेल द टीम!" संघ विकून टाका. रोख अर्थात मालकाकडे होता.

भाचीने विचारलं, "आत्या, संघ विकला तर आपण कुणाचे?"

दादाने तिला समजावलं ते इथे सांगण्यासारखं आहे. अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर सक्तीची कमाल मर्यादा नाही. न्यूयॉर्क मेट्सने डिसेंबरमध्ये हुआन सोटोशी 15 वर्षांचा 76 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. पिट्सबर्गने आजवर केलेला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांचा, आणि तो 11 कोटी डॉलरपर्यंतही पोचत नाही. तळाला राहिलेला संघ इथे खालच्या गटात ढकलला जात नाही. उलट नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा छोट्या शहरांच्या संघांना मिळतो. म्हणजे हरण्याची किंमत मालकाला फारशी मोजावी लागत नाही, ती प्रेक्षकाला मोजावी लागते. 2023 मध्ये 76 विजय आणि 86 पराभव, 2024 मध्ये पुन्हा तंतोतंत तेच. आणि दरम्यान स्कीन्ससारखा पिचर हाती लागलाय, जो पहिल्याच मोसमात लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. लोकांची तगमग ही आहे की तो इथे आहे तोवर तरी त्याच्याभोवती नीट संघ उभा करा.

आमच्या मागच्या रांगेत सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर धावफलकाचा कागद, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूची नोंद त्या स्वतः ठेवत होत्या. घोषणा सुरू झाली की त्याही पूर्ण जोराने ओरडायच्या आणि पुढचा बॅटर आला की लगेच कागदावर खाली वाकायच्या, एक चौकोनही चुकवायच्या नाहीत. मी त्यांच्याशी बोलले. त्यांचे वडील त्यांना फोर्ब्स फील्डवर घेऊन जायचे, जुनं मैदान. "त्याची भिंत अजून उभी आहे. उद्या सकाळी बघून ये," त्या म्हणाल्या.

पायरेट्स 9-4 असे हरले. पुलावरून परतताना कुणी फारसं बोलत नव्हतं. दादाने फक्त एवढंच म्हटलं, "अजून दीडशे सामने बाकी आहेत गं." हे तो समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. त्याला खरंच तसं वाटतं.

शनिवार, 5 एप्रिल, पिट्सबर्ग

त्या बाईंचं ऐकलं हे फार चांगलं झालं. ओकलंड भागात, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारात, फोर्ब्स फील्डच्या कुंपणाची विटांची भिंत आजही उभी आहे. वेलींनी धरलेली, तिच्यावर 457 हा आकडा रंगवलेला: होम प्लेटपासून (जिथे बॅटर उभा राहतो) त्या जागेचं फुटांतलं अंतर. 13 ऑक्टोबर 1960 रोजी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या, निर्णायक सामन्याच्या नवव्या डावात बिल मॅझरोस्कीने मारलेला चेंडू जिथून बाहेर गेला त्या जागेची खूणही जपली आहे. समोर यँकीजच होते. त्या सात सामन्यांत मिळून यँकीजने 55 धावा केल्या होत्या आणि पायरेट्सने 27. तरी वर्ल्ड सिरीज पायरेट्सची!

दर वर्षी 13 ऑक्टोबरला लोक खुर्च्या घेऊन या भिंतीशी जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ-समालोचन पहिल्यापासून ऐकतात. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरीही जमतात. जुनी होम प्लेट शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीत जमिनीत काचेखाली बसवली आहे. भाची त्या काचेवर उभी राहिली, बॅट धरल्यासारखे हात केले आणि दादाने फोटो काढला. ती अकरा वर्षांची आहे. संघाने शेवटचा मोसमोत्तर सामना खेळला 2015 मध्ये, म्हणजे तिला त्यातलं काहीच आठवत नाही. वडिलांनी सांगितलेल्या गोष्टींवर तिचं प्रेम उभं आहे.

भिंतीपाशी बसल्यावर आमच्या लहानपणाचा विषय निघालाच. पुण्यात नेहरू स्टेडियमवर आम्ही दोघं महाराष्ट्राचे रणजी सामने बघायला जायचो. महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो 1940-41 मध्ये, देवधरांच्या नेतृत्वाखाली. 2014 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचलो आणि कर्नाटकाकडून हरलो. शेजारी मुंबई, आणि आपण वाट बघणारे. दादा पिट्सबर्गमध्ये इतक्या लवकर कसा रुजला याचं कारण मला तिथे कळलं असं वाटतं. त्याला हे वाट बघणं आधीपासून येत होतं.

भारताचा या संघाशी एक थेट धागाही आहे. 2008 मध्ये भारतात वेगवान आणि अचूक फेकणाऱ्या तरुणांसाठी एक स्पर्धा झाली. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यातून पुढे आले, अमेरिकेत शिकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्याशी करार केला तो पायरेट्सनेच. मुख्य संघापर्यंत दोघंही पोचले नाहीत, पण त्या आधी भारतात वाढलेल्या कुणाला इथला व्यावसायिक करार मिळाला नव्हता. दादा सांगतो की त्या हिवाळ्यात ऑफिसात प्रत्येक जण त्याला या दोघांबद्दल विचारायचा, जणू तो त्यांचा काकाच.

दुपारचा सामना थोडक्यात सांगते. 10-4, पुन्हा पराभव. यँकीजच्या काही खेळाडूंच्या बॅटी मध्यभागी फुगीर आणि टोकाला निमुळत्या, 'टॉर्पेडो' आकाराच्या होत्या. आठवड्यापूर्वी मिलवॉकीविरुद्ध त्यांनी एका सामन्यात नऊ होम रन (चेंडू थेट कुंपणाबाहेर, आपल्या षटकारासारखा) मारल्यापासून सगळ्या देशात त्या बॅटींची चर्चा होती. नियमांत बसतात त्या. मला वाटतं, हरणाऱ्या गावाला असं काहीतरी बोट ठेवायला लागतंच, पण पिट्सबर्गच्या लोकांनी त्या बॅटींना फार दोष दिला नाही. ते आपल्याच बुलपेनवर (नंतर येणाऱ्या राखीव पिचरांवर), आपल्याच मालकावर बोलत राहिले.

रविवार, 6 एप्रिल, पिट्सबर्ग

सकाळी दादाच्या फोनवर एकामागून एक निरोप येत होते. उजवीकडच्या भिंतीवरचा 21 आकडा असलेला क्लेमेंटेंचा फलक दिसत नव्हता. त्या जागी एका मद्याची जाहिरात होती.

हे का लागलं ते सांगायला हवं. पोर्टो रिकोहून आलेले रॉबर्टो क्लेमेंटे 18 मोसम फक्त पिट्सबर्गसाठी खेळले. 1972 च्या मोसमाअखेर त्यांच्या नावावर बरोबर 3000 हिट (बेस मिळवून देणारे फटके) होत्या. त्या डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. मदतीचं सामान योग्य हातात पडत नाही असं कळल्यावर ते 31 डिसेंबरला स्वतः विमानात बसले. विमान समुद्रात कोसळलं. त्यांचा देह सापडला नाही. त्यांच्या शर्टाचा आकडा 21, म्हणून पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत 21 फूट उंच बांधली. ते आज इथल्या घराघरात आहेत, ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्याही.

दोन दिवस दोन मोठे पराभव पाहूनही दादा चिडला नव्हता. या फलकाने तो गप्प झाला. वहिनीच शेवटी म्हणाली, "हरलात तर हरलात. पण त्यांचा आकडा कसा काढता तुम्ही?" क्लेमेंटेंच्या कुटुंबालाही आधी काही सांगितलं नव्हतं हे त्यांच्या मुलाने जाहीरपणे लिहिलं. संघाने चूक कबूल केली, फलक परत लावू असं सांगितलं. चांगलंच झालं. पण लोकांनी आवाज केला नसता तर तो परत आला असता का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. शुक्रवारी जे "विकून टाका" म्हणून ओरडत होते तेच या आकड्याच्या राखणीलाही उभे होते.

अशा मनःस्थितीत आम्ही मैदानात गेलो आणि मग तो सामना झाला.

मध्येच पिएरोगींची शर्यत झाली, म्हणजे पिएरोगीच्या, पोलिश करंजीच्या, वेशातली माणसं मैदानाच्या कडेने पळतात. भाची त्यातही जीव तोडून ओरडली. पण त्या दिवशी पायरेट्स मागे पडून संपून गेले नाहीत. नऊ डाव झाले, बरोबरी. जादा डावांत आता प्रत्येक संघाला सुरुवातीलाच दुसऱ्या बेसवर एक धावपटू मिळतो, त्यामुळे एक साधी हिटही सामना संपवू शकते. दहावा डाव गेला. अकराव्यात टॉमी फॅमची हिट पडली, धावपटू घरी आला, 5-4, संपला सामना!

मी अनेक मैदानांत सामने पाहिलेत, पण इतक्या तळाच्या संघाच्या एका एप्रिलमधल्या विजयाचा असा आनंद पाहिला नव्हता. अनोळखी माणसं दादाला मिठ्या मारत होती. समोरच्या रांगेतल्या बापाने दोन्ही मुलांना एकदम उचललं. हाडं-कवटीचा काळा झेंडा वर गेला. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते लपवत नव्हता. पुलावरून परतताना कालपर्यंत गप्प असलेले लोक स्कीन्सच्या पुढच्या सामन्याची गणितं मांडत होते: या तीन दिवसांत त्याची पाळी नव्हती, मंगळवारी सेंट लुईसविरुद्ध आहे, मग तिथून पुढे कसं कसं जिंकता येईल.

सोमवार, 7 एप्रिल, क्लीव्हलँड

दादाने रजा घेतली आणि मला क्लीव्हलँडला सोडलं. दोन तासांचा रस्ता. इथल्या गार्डियन्स संघाचा पहिला घरचा सामना दुसऱ्या दिवशी, शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध. त्याची तिकिटं माझ्या आवाक्याबाहेर गेली होती, म्हणून मैदानाभोवतीच फिरायचं ठरवलं.

एरी सरोवरावरून येणारा वारा कान बधिर करत होता. एप्रिलमध्ये इथे बेसबॉल खेळायचा म्हणजे आभाळावर हवाला. 2007 मध्ये इथली पहिली मालिका बर्फाने धुऊन नेली होती आणि त्यापुढची थेट मिलवॉकीच्या छताखाली हलवावी लागली होती.

आधी होप मेमोरियल पुलावर गेले. त्याच्या खांबांवर 'वाहतुकीचे रक्षक' म्हणून उंच दगडी पुतळे आहेत, हातांत वेगवेगळ्या काळातली वाहनं धरलेले. संघाने 2022 च्या मोसमापासून 'इंडियन्स' हे जुनं नाव सोडलं आणि या पुतळ्यांवरून 'गार्डियन्स' घेतलं. मला ते फार आवडतं. नाव गावातल्याच दगडातून आलंय.

संघाच्या दुकानात उद्यासाठी टोप्या घ्यायला गर्दी होती. तिथे एका आजोबांशी ओळख झाली. नातवासाठी होसे रामिरेझचा शर्ट शोधत होते. "तो इथेच राहिला," ते म्हणाले, दोनदा. 2022 मध्ये रामिरेझने बाहेर मिळाले असते त्याहून बरेच कमी पैसे घेऊन क्लीव्हलँडशी करार वाढवला, हे इथला कुणी विसरत नाही. 2024 मध्ये त्याच्या 39 होम रन आणि 41 चोरलेले (फटका नसताना पळून गाठलेले) बेस झाले. एक होम रन आणखी हवी होती 40-40 च्या मोजक्या मानकऱ्यांत जायला, आणि शेवटच्या दिवशीचा सामना पावसाने रद्द झाला. आजोबा ते सांगताना अजून आकाशाकडे बघत होते.

क्लीव्हलँडने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली 1948 मध्ये. आज कोणत्याही संघाची याहून लांब प्रतीक्षा नाही. 1997 मध्ये सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात हरले, 2016 मध्ये सातव्या सामन्याच्या दहाव्या. गेल्या वर्षी यँकीजनी वर्ल्ड सिरीजच्या दारातून परत पाठवलं. आणि हिवाळ्यात हिमेनेझ टोरांटोला गेला, जॉश नेलर ॲरिझोनाला. "दर वर्षी आम्ही एक चांगला संघ बनवतो आणि त्यातले दोन खांब विकतो," आजोबा म्हणाले. मग लगेच, "पण पिचर तयार करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. यंदा बघच."

मैदानाची दारं बंद होती, त्यामुळे जॉन ॲडम्स यांचा ढोल पाहता आला नाही. 1973 पासून ते स्वस्तातल्या बाकांवर बसून मोठा ढोल वाजवत, संघ अडचणीत असला की विशेष. 2023 च्या जानेवारीत ते वारले. त्यांच्या जागेवर संघाने कांस्याचा ढोल बसवलाय. गणपतीत ढोलपथकात वाजवलेल्या माझ्यासारखीला तो बघायचाच होता.

मंगळवार, 8 एप्रिल

बसचा दिवस. टोलेडो, मग इंडियानाची सपाट शेतं, अजून पेरणी न झालेली. संध्याकाळी शिकागो.

बुधवार, 9 एप्रिल, शिकागो

इथल्या कब्ज संघाचं मैदान रिग्ली फील्ड. त्याच्या फोटोंत भिंतीवरची हिरवीगार वेल असते. एप्रिलमध्ये ती नसते. विटांवर नुसत्या तपकिरी काड्यांचं जाळं. 1937 मध्ये लावलेली ही वेल मे महिन्यात पालवते, आणि भर उन्हाळ्यात चेंडू तिच्यात अडकला तर बॅटरला दोन बेस देतात. त्याच वर्षीचा धावफलक आजही आत बसलेली माणसं हाताने पाट्या बदलून चालवतात. मैदान 1914 चं. मला ही उघडी भिंत जास्त खरी वाटली, अजून काहीच ठरलेलं नाही असं सांगणारी.

कब्जने मोसम फार लवकर सुरू केला होता, मार्चमध्ये टोकियोत डॉजर्सविरुद्ध, आणि तिथले दोन्ही सामने गमावले होते. पण आता इथे उत्साह होता. काइल टकर ह्यूस्टनहून आलाय. त्याच्यासाठी कब्जने तीन खेळाडू दिले आणि त्याचा करार या मोसमापुरताच आहे. त्यामुळे तो बॅटिंगला आला की टाळ्यांमध्ये "राहा रे इथेच" अशी विनवणी ऐकू येते. माझ्या शेजारचं जोडपं तर त्याच्या प्रत्येक चांगल्या फटक्यावर खूश होऊन लगेच धास्तावत होतं: इतका चांगला खेळला तर परवडेल का?

समोरच्या टेक्सास रेंजर्स संघात कुमार रॉकर आहे, ज्याची आई भारतीय वंशाची. त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचूनच मला बरं वाटलं.

दिवसाची मोठी बातमी मात्र मैदानावरची नव्हती. जस्टिन स्टील, कब्जचा डावखुरा पिचर. सोमवारीच त्याने याच टेक्सासविरुद्ध सात डाव एकही धाव न देता टाकले होते. आज कळलं की त्याचं डावं कोपर दुखावलंय आणि त्याला जायबंदी खेळाडूंच्या यादीत टाकलंय. दोन दिवसांत! मिशिगन सरोवराच्या थंडगार वाऱ्यात कुडकुडत बसलेल्या लोकांमध्ये ही बातमी रांगेरांगेने पसरताना दिसत होती. कुणी शेजाऱ्याला फोन दाखवायचं आणि शेजारी डोळे मिटून घ्यायचा.

विमान गाठायचं होतं, म्हणून सातव्या डावातलं सगळ्या मैदानाचं उभं राहून गाणं झालं की निघाले. ॲडिसन स्थानकावर माझ्यासारखेच लवकर निघालेले बाप-लेक उभे होते, लेक चाळिशीचा. तो म्हणत होता, झालं, मोसम संपला. वडील ऐकून घेत होते आणि बाकीचे पिचर बोटांवर मोजत होते: इमानागा आहे, टायॉन आहे, बॉइड आहे, ब्राउन शिकतोय. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मी पिट्सबर्गची बाजू घेणारी आहे म्हटल्यावर वडील म्हणाले, "मग तुला ठाऊक आहे." आणि आयोवातल्या दुय्यम संघात खेळणाऱ्या केड हॉर्टन नावाच्या तरुण पिचरबद्दल सांगायला लागले, त्याचा चेंडू कसा वळतो, तो उन्हाळ्याआधी वर येईल की नंतर. लेक आधी मान हलवत होता. मग तोच मध्ये पडला: "मेमध्ये. मेमध्येच आणायला हवा त्याला." जॅक्सनला मी ब्लू लाइनसाठी उतरले तेव्हा दोघांचा मेच्या कोणत्या आठवड्यात यावर वाद चालू होता.